सहा सोंगट्या आणि न विसरणारी रांग

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मध्ये डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग पावसाळा लागला, आणि दातिवऱ्यात पावसाळ्यात वीज आणि नेट दोन्ही आपल्या मर्जीने येतात. असो.

आजचा विषय माझ्या प्रांतातला नाही हे आधीच कबूल करतो. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला माणूस, आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. पण विज्ञानाच्या एका तासाला केलेली चूक चाळीस वर्षं डोक्यात राहिली होती, आणि ती चूक नेमकी कुठे होती ते यंदाच्या मे महिन्यात कळलं. म्हणून हा खटाटोप.

झालं असं, की तेव्हा विज्ञानाचे शिक्षक रजेवर होते आणि नववीचा तास माझ्या गळ्यात पडला. धडा उष्णतेचा. मी आपलं जवळचं उदाहरण घेतलं, तारापूरचं. 1969 पासून तिथे अणुवीज तयार होते. वाफ थंड करायला समुद्राचं पाणी आत घेतात आणि ते कोमट झालं की परत समुद्रात सोडतात. "ते कोमट पाणी पुढे कुठे गेलं ते समुद्राकडे बघून सांगता येईल का?" मी विचारलं. "नाही. गरम ते थंड होत जातं, थंड ते गरम होत जातं, आणि शेवटी सगळं सारखं होतं."

मागच्या बाकावरून कोळीवाड्यातला एक मुलगा उठला. "गुरुजी, सगळंच सारखं नाय होत. पावसात वैतरणेचं लाल पाणी येतं ते वरच राहतं, खारं खाली. मिसळत नाय."

"लवकर मिसळत नाही म्हण. शेवटी मिसळतंच. निसर्गाचा नियम आहे तो. बस खाली."

वर्ग हसला. मुलगा बसला. त्यानंतर त्याने माझ्या तासाला कधी हात वर केल्याचं मला आठवत नाही. दहावीनंतर तो बोटीवर गेला.

वैतरणेच्या पाण्यापुरतं म्हणाल तर मी बरोबर होतो. गोडं पाणी हलकं म्हणून वर तरंगतं, पण भरती-ओहोटी आणि वारा त्याला शेवटी ढवळतातच. माझं चुकलं ते "सगळं" या शब्दात. निसर्गात अशाही गोष्टी आहेत ज्या कितीही वेळ दिला तरी सारख्या होत नाहीत. हळू होतात असं नव्हे, होतच नाहीत. आणि त्या शोधण्याच्या इतिहासातलं एक पान आपल्या मुंबईत लिहिलं गेलं आहे, कुलाब्याच्या टोकाला. इथून सफाळ्याला जाऊन गाडी धरली की चर्चगेट, तिथून पुढे कुलाबा. मी कित्येकदा त्या बाजूला गेलो असेन, पण मला याचा पत्ता नव्हता.

मे महिन्यात नात आली होती. पुण्याला फिजिक्समध्ये एम.एस्सी. करते. तिच्या अभ्यासाचा विषय विचारला तर म्हणाली, "आजोबा, पुष्कळ कण एकत्र असतात तेव्हा ते समतोलाला येतात की नाही, त्याचा." मी तिला चहाचं सांगितलं. कप टेबलावर ठेवला की तो निवतो, खोलीइतका होतो. ती म्हणाली, "बरोबर. पण त्याकडे असं बघा. निवलेल्या चहाला तो चुलीवर केला होता की गॅसवर, हे आठवत नाही. समतोलाला येणं म्हणजे सुरुवात विसरणं. प्रश्न असा, की विसरायला नकार देणारं काही असतं का?"

विसरण्याचं हे शास्त्र एकोणिसाव्या शतकात उभं राहिलं ते मुख्यतः व्हिएन्नाच्या लुडविग बोल्ट्झमन यांच्यामुळे (1844 ते 1906). असंख्य कण एकमेकांवर आपटत राहिले की जितक्या मांडण्या शक्य आहेत त्या सगळ्यांतून ते फिरून येतात, कुठल्याच मांडणीला खास वागणूक मिळत नाही, असा त्याचा ढोबळ अर्थ. पत्ते पिसण्यासारखं. पुरेसा वेळ पिसा, मूळ क्रम गेला.

याला पहिला धक्का बसला तो गंमतशीर रीतीने. 1953 च्या सुमारास अमेरिकेत लॉस अलामॉसला एन्रिको फर्मी, जॉन पास्ता आणि स्टानिस्लाव उलाम यांनी त्या काळच्या 'मॅनिॲक' नावाच्या कॉम्प्युटरवर एक गणित घातलं. स्प्रिंगांनी जोडलेल्या गोळ्यांची एक माळ. तिला एका लांबलचक लाटेत हलवून सोडायचं आणि ती ऊर्जा हळूहळू बाकीच्या सगळ्या लहानमोठ्या लाटांत कशी वाटली जाते ते बघायचं. अपेक्षा अशी की वाटली जाणारच. ऊर्जा थोडी वाटली गेलीही, पण मग ती उलट फिरली आणि जवळजवळ सगळी पहिल्या लाटेत परत आली! माळेला आपली सुरुवात आठवत होती. 1955 साली अहवाल निघाला तेव्हा फर्मी हयात नव्हते. प्रत्यक्ष आकडेमोड मशीनवर चढवली ती मेरी त्सिंगू या बाईंनी. अहवालाच्या पहिल्या पानावर काम करणाऱ्यांत त्यांचं नाव आहे, लिहिणाऱ्यांत नाही. त्यामुळे पुढची पन्नासेक वर्षं त्या प्रयोगाला तिघा पुरुषांचीच नावं चिकटून राहिली. हे वाचून मला आमच्या गॅझेटियरांची आठवण झाली. माहिती गोळा करणारा कारकून एक, छापलेलं नाव साहेबाचं.

1958 साली फिलिप अँडरसन यांनी दुसरी वाट दाखवली. पदार्थात पुरेसा अव्यवस्थितपणा असेल तर त्यातला इलेक्ट्रॉन पसरतच नाही, जागच्या जागी अडकतो. त्यांना 1977 साली नोबेल मिळालं. पण तो हिशेब एकट्या कणाचा होता. पुष्कळ कण एकमेकांना ढकलत असतील तेव्हाही ते अडकून राहतील का, हा प्रश्न मागे उरला. 2006 साली तिघा शास्त्रज्ञांनी 'हो, राहू शकतील' असं गणित मांडलं आणि तिथून या विषयाला भरती आली. ते अडकणं खरोखर कायमचं की फक्त फार फार सावकाश सुटणारं, यावर आजही वाद आहे. म्हणजे बघा, त्या पोराचा आणि माझा वाद मोठमोठ्या लोकांतही चालू आहे.

आता कुलाबा. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च ही संस्था होमी भाभांनी 1945 साली काढली. तारापूरमागेही तेच. वीजकेंद्र सुरू झालेलं बघायला मात्र ते राहिले नाहीत. या संस्थेत 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला मुस्तनसिर बर्मा आणि दीपक धर हे दोघे एका साध्या दिसणाऱ्या खेळावर विचार करत होते. एखाद्या पृष्ठभागावर कण तीन-तीनच्या गटाने एकदम येऊन बसतात आणि तीन-तीनच्या गटाने एकदम उडून जातात. उडणारे तीन हे एकत्र आलेलेच तीन असले पाहिजेत असं नाही. शेजारी शेजारी असले म्हणजे झालं. बस, एवढाच नियम.

नातीने मला हे कॅरमच्या सोंगट्या घेऊन समजावलं. (वीज गेली होती, मेणबत्ती होती. तेव्हा काळ्या-पांढऱ्यात माझी गफलत झाली ती डोळ्यामुळे नव्हे.) तुम्हीही घरी करून बघा. सहा सोंगट्या एका रांगेत मांडा. पांढरी म्हणजे रिकामी जागा, काळी म्हणजे कण. सलग तीन सोंगट्या एका रंगाच्या असतील तरच त्या तिन्ही एकदम बदलायच्या, पांढऱ्या असतील तर काळ्या, काळ्या असतील तर पांढऱ्या. दुसरी कुठलीही चाल नाही.

समजा रांग अशी आहे: पां पां पां पां का पां. काळी एकच, पाचव्या जागेवर. आता दुसरी, तिसरी, चौथी बदला. झालं पां का का का का पां. मग तिसरी, चौथी, पाचवी बदला. झालं पां का पां पां पां पां. एकटी काळी सोंगटी पाचव्या जागेवरून दुसऱ्या जागेवर आली! वाटतं, पुरेसा वेळ खेळलं तर वाटेल ती मांडणी येईल.

येत नाही. सहा सोंगट्यांच्या एकूण 64 मांडण्या होतात. वरच्या रांगेपासून निघून तुम्ही त्यातल्या फक्त 5 मांडण्यांमध्ये फिरू शकता. बाकीच्या 59 तुम्हाला कायमच्या बंद. का, ते ओळखायची युक्ती धर आणि बर्मा यांनी 1993 साली दिली, आणि ती इतकी सोपी आहे की सहावीतल्या मुलाला कळावी. रांगेत सलग तीन सारख्या दिसल्या की त्या उचलून बाजूला ठेवा, उरलेल्या जवळ सरकवा. पुन्हा तीन सारख्या जमल्या तर त्याही उचला. उचलण्यासारखं काही राहिलं नाही की थांबा. हातात जी छोटी माळ उरली ती त्या रांगेची ओळख. वरच्या उदाहरणात ती आहे पां का पां. तुम्ही कितीही चाली करा, उचलण्याचा क्रम कसाही ठेवा, उरणारी माळ तीच. रांग बाहेरून बदलत राहते, पण ही माळ तिच्या पोटात तशीच असते.

मी वही काढली आणि दोन दिवस बसून 64 च्या 64 मांडण्या लिहून काढल्या. निवृत्त माणसाला वेळ असतो. त्यांचे 33 कप्पे पडले. एक कप्पा 8 मांडण्यांचा, सहा कप्पे प्रत्येकी 5 चे, आणि उरलेल्या 26 मांडण्या एकेकट्या. या 26 मध्ये सलग तीन सारख्या कुठेच नाहीत, त्यामुळे पहिली चालच करता येत नाही. जन्मल्या तिथेच राहिल्या. आठ, तीस आणि सव्वीस, चौसष्ट. हिशेब जुळला तेव्हा मी मोठ्याने "वा!" म्हणालो आणि स्वयंपाकघरातून विचारणा झाली, काय झालं म्हणून.

पण खरी गंमत पुढे आहे. सहाच्या ऐवजी पाच सोंगट्या घेतल्या तर न हलणाऱ्या मांडण्या किती? 16. चार घेतल्या तर 10. तीन, 6. दोन, 4. एक, 2. हे आकडे ओळीने वाचा: 2, 4, 6, 10, 16, 26. मागच्या दोघांची बेरीज म्हणजे पुढचा. आणि प्रत्येकाचं निम्मं केलं तर 1, 2, 3, 5, 8, 13.

आता मी जागा झालो. कारण हे आकडे विज्ञानाच्या नव्हे, माझ्या तासाचे आहेत! वृत्तं शिकवताना आपण सांगतो, लघू अक्षराची एक मात्रा, गुरू अक्षराच्या दोन. मग सहा मात्रांची ओळ लघु-गुरूंनी किती प्रकारे भरता येईल? उत्तर 13. पाच मात्रांची 8 प्रकारे, चारची 5. आपल्याकडे विरहांक आणि त्यांच्यानंतर बाराव्या शतकात गुजरातचे हेमचंद्र यांनी छंदांच्या संदर्भात ही मोजणी करून ठेवली होती. इटलीच्या फिबोनाचीचं पुस्तक 1202 सालचं, म्हणजे हेमचंद्रांच्या नंतरचं. नाव मात्र त्याचं लागलं.

सोंगट्यांत लघु-गुरू कुठून आले? तर असे. न हलणाऱ्या रांगेत एका रंगाच्या सलग सोंगट्या एक किंवा दोनच असू शकतात, तीन नाहीत. एकटी सोंगटी म्हणजे लघू, जोडी म्हणजे गुरू. सहा सोंगट्या म्हणजे सहा मात्रा. त्याचे 13 प्रकार, आणि सुरुवात काळ्याने की पांढऱ्याने हे दोन पर्याय, म्हणून 26. मी नातीला हे सांगितलं तेव्हा ती क्षणभर गप्प बसली. म्हणाली, "आजोबा, हे आम्हाला कुणी असं सांगितलं नव्हतं." आयुष्यात एवढं कौतुक मला इन्स्पेक्टरांनीसुद्धा केलेलं नाही.

रांग लांब केली की कप्पे भराभर वाढतात. दर एका सोंगटीमागे साधारण 1.618 पट, म्हणजे शेजारशेजारच्या हेमचंद्र संख्यांचं गुणोत्तर जिथे स्थिरावतं तोच आकडा. बोल्ट्झमन यांचे पत्ते इथे पिसले जातात खरे, पण हजारो वेगवेगळ्या खोल्यांत, आणि खोल्यांना दारंच नाहीत.

या सगळ्यात क्वांटम कुठे आलं? मुंबईतला हा खेळ साध्या कणांचा होता. पण त्याच 1993 साली बर्मा यांनी ग्रिनबर्ग आणि स्टिंचकोंब यांच्याबरोबर लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकातच क्वांटम स्पिनचा उल्लेख आहे. क्वांटम सोंगटी काळी आणि पांढरी यांच्या मिश्रणात राहू शकते. तरीही चालीचा नियम तोच ठेवला तर कप्पे तसेच राहतात. 2020 साली म्युनिकच्या एका गटाने, आणि स्वतंत्रपणे अमेरिकेत वेदिका खेमानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, क्वांटम व्यवस्थांमध्ये असे असंख्य तुकडे पडतात हे दाखवलं तेव्हा या गोष्टीला नवं नाव मिळालं आणि एकदम गर्दी झाली. नंतरच्या काही लेखांनी कुलाब्याच्या जुन्या कामाची नोंद आवर्जून घेतली, हे बरं झालं. धर यांना 2022 साली बोल्ट्झमन पदक मिळालं, जॉन हॉपफिल्ड यांच्याबरोबर. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. 2023 साली पद्मभूषण. ते जास्त ओळखले जातात ते वाळूच्या ढिगाच्या गणितासाठी. आम्ही दातिवरेकर जन्मभर वाळूत वावरलो आणि कुणाला कधी सुचलं नाही!

आता प्रश्न असा, की कागदावरचं हे प्रत्यक्षात होतं का, ते बघायचं कसं? सहा सोंगट्या मी वहीत मांडल्या. पन्नास सोंगट्यांच्या मांडण्या होतात अकराशे लाख कोटींच्या वर. क्वांटम खेळात त्या सगळ्यांचा हिशेब एकाच वेळी ठेवावा लागतो, आणि तिथे आपला नेहमीचा कॉम्प्युटर हात टेकतो. म्हणून सोंगट्याच क्वांटम घ्यायच्या. क्वांटम कॉम्प्युटरचा क्यूबिट म्हणजे दुसरं काय? हवी ती सुरुवात मांडायची, खेळ सोडून द्यायचा, आणि थोड्या वेळाने बघायचं की सुरुवात आठवतेय की नाही.

2017 साली हार्वर्डमध्ये मिखाईल ल्युकिन यांच्या गटाने रुबिडियमचे 51 अणू एका रांगेत लेझरने धरून ठेवले. एकाआड एक अशी मांडणी करून सोडली. सगळ्यांना वाटलं लवकरच सरमिसळ होईल. पण ती मांडणी पुसली जायची आणि परत यायची, पुन्हा पुसली जायची, पुन्हा यायची. दुसऱ्या काही सुरुवाती मात्र लगेच विसरल्या जात. या आठवणीला शास्त्रज्ञांनी 'व्रण' असं नाव दिलं. 2021 साली गूगलच्या यंत्रावर 20 क्यूबिट घेऊन प्रयोग झाला, त्यातही खेमानी होत्या. क्यूबिटांना दर ठोक्याला जवळजवळ उलटं करायचं, पण मुद्दाम थोडी कसर ठेवून. ती कसर साठत जाऊन सगळा गोंधळ व्हायला हवा. झाला नाही. दर दोन ठोक्यांनी मूळ नमुना हजर. त्याच वर्षी म्युनिकला पोटॅशियमच्या अतिथंड अणूंवर तुकडे पडण्याच्या खुणा दिसल्या. ही यंत्रं स्वतःच नाजूक असतात. बाहेरची जराशी ऊब शिरली की क्यूबिट आपलं काम विसरतो. विसरणाऱ्या पाटीवर न विसरण्याचा धडा लिहायचा, असा तो प्रकार आहे, आणि बराचसा कस लागतो तो पाटी बिघडली की धडा चुकला हे वेगळं करण्यात.

आपल्याकडेही सुरुवात झाली आहे. ऑगस्ट 2024 मध्ये डीआरडीओची पुण्याची प्रयोगशाळा आणि टाटा इन्स्टिट्यूट यांनी 6 क्यूबिटांच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली, काम झालं कुलाब्यालाच. जगात शेकडो क्यूबिटांची यंत्रं असताना सहा म्हणजे लहान, हे खरं. पण सहा क्यूबिटांच्या मांडण्या 64. माझ्या वहीत आहेत तितक्याच. आमचा खेळ त्यावर मांडता येईल का, असं मी नातीला विचारलंय. ती म्हणाली, तीन-तीनची चाल बसवणं सोपं नाही, पण विचारून बघते.

गेल्या आठवड्यात बंदरावर गेलो होतो. तो मुलगा, म्हणजे आता पंचावन्नच्या पुढचा बाप्या, जाळं दुरुस्त करत बसला होता. समोर अर्नाळा दिसत होता. त्याच्या शेजारी टेकलो आणि म्हटलं, "अरे, नववीत असताना तू मला एकदा म्हणाला होतास, सगळंच सारखं होत नाही म्हणून. मी तुला गप्प बसवलं. तुझं बरोबर होतं रे." आणि सोंगट्यांचं सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकलं, मध्ये दोन प्रश्नही विचारले. उडणारे तीन तेच असायला नकोत हे त्याला चटकन समजलं.

मग म्हणाला, "गुरुजी, मी असं म्हटलेलं मला तर काय आठवत नाय."

आणि बायकोला हाक मारून माझ्यासाठी बोंबील बांधायला सांगितले.